शनिवारचा शेवटचा तास

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. गडहिंग्लजला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचा छापखाना आहे. धरणग्रस्तांचा मोर्चा, दारूबंदीची सभा, कारखान्यातल्या कामगारांचा संप, जे काही पेटायचं त्याचं पत्रक आमच्याकडे छापलं जायचं आणि घड्या घालायला मी बसायचे. कुठलीही गोष्ट नीट शब्दांत लिहून हातात दिली की माणूस बदलतो, असं मी चोविसाव्या वर्षापर्यंत धरून चालले होते.

गेल्या वर्षी माझी मावशी गेली. तिला रक्तदाब होता आणि तो आहे हे तिच्यासकट कोणालाच माहीत नव्हतं. मावशी बी.कॉम. झालेली. पानिपताच्या तिन्ही लढायांच्या सनावळ्या तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होत्या, पण दंडाला पट्टा बांधून आकडा बघायचा असतो हे पंधरा वर्षांच्या शिक्षणात तिला कोणी सांगितलं नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी लिहायला बसले आणि सोळा पानांची पुस्तिका लिहून उठले. नाव ‘दुखण्याआधी’. सगळी प्रश्नोत्तरं. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत मागणी: आजार होण्याआधीचं शिक्षण प्रत्येक शाळा-कॉलेजाच्या अभ्यासक्रमात आलंच पाहिजे.

ती पुस्तिका फिरत फिरत डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूच्या एका मराठी शाळेतल्या पाटील बाईंच्या हाती पडली. बाई विज्ञान शिकवतात. त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. आठवड्याला एक तास आरोग्यासाठी मिळावा म्हणून त्या अकरा वर्षं शाळेकडे मागणी करत होत्या. मे महिन्यात त्या निवृत्त होणार. जूनचं वेळापत्रक येत्या शनिवारी ठरणार. एकदा त्या गेल्या की तो तास मागणारं शाळेत कोणी उरणार नव्हतं.

“सेक्रेटरी म्हणतात, करून दाखवा. तुझी पुस्तिका पोरांकडून तयार करून घेतलीय. येतेस का?” त्या म्हणाल्या.

मी पुस्तिकांचे दोन गठ्ठे बांधले आणि निघाले.

बुधवार, टेंभी नाका

डोंबिवलीआधी ठाण्यात एक दिवस काढला होता, कारण तिथल्या एका कॉलेजात ओळखीनं अर्धा तास मिळाला होता. एका शाळेपुरतं मला थांबायचं नव्हतं. साठ शाळा, वीस कॉलेजं असा हिशेब डोक्यात चालू होता.

टेंभी नाक्यावर रिक्षातून उतरले आणि एक गठ्ठा आतच राहिला. रिक्षा वळून दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं. आमच्या गावात रिक्षावाल्याचं घर माहीत असतं, इथे नंबरसुद्धा बघितलेला नव्हता. मी भर उन्हात नाक्यावर येरझाऱ्या घालत राहिले. अर्ध्या तासानं तोच रिक्षावाला परत आला. गालात तंबाखू तशीच होती. गठ्ठ्याची दोरी सोडलेली.

“ताई, पान नऊवर तंबाखूचं लिहिलंय ना, एकदम करेक्ट लिहिलंय,” तो म्हणाला. बाजूला पिंक टाकून आला आणि भावासाठी अजून एक प्रत मागितली. मी ती आनंदानं दिली. त्या वेळी मला त्यात काही खटकलं नाही, हे आता लिहिताना लाज वाटते.

कॉलेजात ‘आरोग्य सप्ताह’ असा फलक लागलेला होता. पदार्थविज्ञानाच्या एक प्राध्यापिका मला घ्यायला आल्या. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे हा विषय केव्हाच आलाय, दोन क्रेडिटचा आहे. मोबाईलवर वीस प्रश्न येतात, पोरं सोडवतात. गेल्या वर्षी सगळ्यांना पैकीच्या पैकी. मी विचारलं, कसं काय? त्या थकल्या आवाजात म्हणाल्या की प्रश्न दरवर्षी तेच असतात, उत्तरं ग्रुपवर फिरतात, आणि सहाशे पोरांना वेगळे प्रश्न काढायला माणूस कुठून आणणार. फोटो मात्र न चुकता वर पाठवावे लागतात.

मी तावातावानं बोलले. टाळ्या पडल्या. पोरं पुस्तिकांनी वारा घेत घेत बाहेर गेली. जिन्यात एक मुलगी मागून आली. तिनं आधी वर-खाली बघून घेतलं आणि मग विचारलं की नवरात्रात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या ती तीन वर्षं घेतेय, इथे नाक्यावर नऊ दिवस सगळं घर देवीच्या कामात असतं, आई स्वतः आणून देते. त्यानं काही होतं का?

सोळा पानांत याचं उत्तर नव्हतं. हात कधी धुवावेत हे होतं. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

“डॉक्टरांना विचारता येत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?” ती म्हणाली. चिडून नाही, नुसती माहिती दिल्यासारखी. मग पुस्तिका पर्समध्ये नीट ठेवून खाली उतरून गेली.

नाक्याजवळ मिसळ खाल्ली. आमच्याकडे मिसळीचा कट वेगळ्या भांड्यात येतो आणि तो मागितला तर पुन्हा येतो. इथे ती ओतूनच आली, वर शेव डोंगराएवढी. चव चांगली होती. पण जेवताना मी दोनदा उठून त्या जिन्यापर्यंत जाऊन आले. मुलगी सापडली नाही.

गुरुवार, कल्याण

बुधवारी रात्री डोंबिवलीला उतरले तेव्हा पाटील बाई स्टेशनवर उभ्या होत्या. अंगानं किरकोळ, खांद्यावर कापडी पिशवी, चालणं असं की मी चोवीस वर्षांची असून मला पळावं लागलं. मुक्काम त्यांच्याच घरी होता. त्यांचे यजमान मुलीकडे नाशिकला गेले होते, त्यामुळे घरात आम्ही दोघी आणि पुस्तिका. गुरुवारी शाळेला सुट्टी होती; सकाळी त्या मला आधी कल्याणला घेऊन गेल्या. शाळेचे सेक्रेटरी तिथल्या घाऊक बाजारात सुक्या मिरचीचे व्यापारी आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

गल्लीच्या तोंडाशीच मला शिंका सुरू झाल्या आणि त्याबरोबर घरची आठवण. गडहिंग्लजचा बाजार मिरचीचाच. हमाल तोंडावर फडकं बांधून पोती वाहत होते, अण्णा मात्र उघड्या नाकानं गादीवर बसलेले. बाई दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि कोणीतरी गिऱ्हाईक आलंय अशा थाटात “बोला” म्हणाले. बाईंनी तोंड उघडल्यावर मग, “अहो बाई, तुम्ही होय! उन्हामुळे दिसतच नाही बघा दारातलं.”

मी कुठली हे कळल्यावर त्यांनी लगेच एका पोत्यात हात घातला आणि मिरची माझ्या तळहातावर ठेवली. संकेश्वरी, आमच्याच भागातली. “मग तुम्ही आमचीच माणसं,” म्हणाले. ताक मागवलं. पोत्यावरचा मार्का त्यांनी हमालाकडून वाचून घेतला. मी फडक्याचा विषय काढला, मिरचीची धूळ छातीत जाते वगैरे. ते हसले. चाळीस वर्षं याच धुळीत गेली, अजून दवाखान्याचं तोंड बघितलेलं नाही, म्हणाले. दवाखान्याचं तोंड न बघणं म्हणजे तब्येत उत्तम, हा समज आमच्या मावशीचाही होता. मी तसं बोलले असते, पण बाईंनी माझ्या पायावर पाय ठेवला.

अण्णांचं म्हणणं सरळ होतं. शनिवारचा शेवटचा तास सध्या स्कॉलरशिपच्या तयारीला आहे. स्कॉलरशिपला लागलेल्या पोरांची नावं फळ्यावर लिहिता येतात. इंग्रजी शाळांनी पटसंख्या खाल्लीय. आई-बाप फळा बघून पोरं घालतात.

“आरोग्याचं काय लिहू फळ्यावर? अमुक मुलगा आजारी पडला नाही?” ते म्हणाले. “तरी तुम्ही करून दाखवा. पोरं काय शिकली ते मला दिसलं पाहिजे. दिसलं तर तास दिला.”

परतताना बाई खूश होत्या. इतक्या वर्षांत इतकं स्पष्ट ते कधी बोलले नव्हते. त्यांच्या मनात प्रयोग तयार होता. सातवीची पोरं पुस्तिकेतले प्रश्न घडाघडा सांगतील, आणि मग दर्शना नावाची मुलगी वीस फुटांवर उभी राहून एक डोळा झाकून नजरेचा तक्ता वाचून दाखवेल, नजर कशी तपासतात ते सगळ्यांना समजावेल. दर्शनाचा आवाज वर्गात सगळ्यात खणखणीत. अडचण एवढीच की शनिवारी ती आजीबरोबर मासळी विकायला बसते. म्हणून तिच्या घरी जायचं होतं.

गुरुवार दुपार, खाडी

कोपरच्या मागे, इमारती संपतात तिथे, एकदम खाडी लागते. आधी वास येतो, मग खारफुटी दिसते आणि मग पाणी. मी पुण्या-कोल्हापूरच्या नद्या बघितलेली, पाण्याचा रंग बघून बांधावरच थांबले. वरच्या अंगानं कारखान्यांचं काय काय येतं याची यादी मला पाठ आहे. मी ती बाईंना ऐकवत होते, तेवढ्यात पाय चिखलात घोट्यापर्यंत गेला आणि चप्पल आतच राहिली. दर्शनानं येऊन ती काढून दिली. बारा-तेरा वर्षांची उंच मुलगी, केस चापून बांधलेले, बोलताना समोरच्याच्या अगदी जवळ येऊन उभी राहणारी. मला ते तिचं लाघव वाटलं.

तिची आजी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. पाटील बाई इथल्याच गावकीतल्या, त्यामुळे दारात पाऊल टाकताच त्यांची भाषा बदलली. आजी म्हणाली, “कवा आयलीस गो? पोरीनं काय केलाय का शालंत?” बाई म्हणाल्या, काय नाय केलाय, शनिवारी तिला पाठव. त्यावर बराच वेळ घासाघीस झाली. आजीचं म्हणणं, शनिवारी गिऱ्हाईक जास्त, आणि हिशेबाला पोरगी पाहिजे. बाईंनी सांगितलं की मोठे साहेब येणार आहेत आणि दर्शना त्यांच्यासमोर बोलणार आहे. आजीनं सुकटीतला एक खडा लांब भिरकावला.

“बोलूं दे मग,” ती म्हणाली. “आमच्या घरान कोन साह्याबासमोर बोललाय?”

मग जेवल्याशिवाय सोडेना. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलावर उड्या मारणारा मासा. मगाशी माझ्या चपलेच्या शेजारून जे काही पळालं होतं, ते हेच. आमच्याकडे भाकरी ज्वारीची नाहीतर नाचण्याची, आणि मासा म्हणजे नदीचा. पहिला घास मी विचार करत घेतला, नंतरचे विचार न करता.

हात धुवायला मागे गेले तर दर्शना बांधावर उभी होती. लांबून एक होडी येत होती. ती पाण्याकडे न बघता म्हणाली, “पप्पा आले.” मी विचारलं, इतक्या लांबून कसं ओळखलंस? म्हणाली, इंजिनचा आवाज. प्रत्येक होडीचा वेगळा असतो, मला सगळ्यांचे येतात. मी वही काढून तिथल्या तिथे लिहून घेतलं: ‘खाडीकाठची मुलं कानांनी बघतात.’ पुढच्या पत्रकाला छान सुरुवात मिळाली म्हणून मी दिवसभर खूश होते.

शुक्रवार, कोपर

सातवीचा वर्ग जिन्याला लागून आहे. भिंतीवर भारताचा नकाशा, तीसपर्यंतचे पाढे, प्रतिज्ञा, आणि फळ्याशेजारी खिळ्याला नजरेचा तक्ता. वर एक मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. बाईंनी तो सहा-सात वर्षांपूर्वी स्वतः मापं काढून बनवला होता. फरशीवर वीस फुटांची रेघ रंगवलेली. कपाटात आरोग्यपत्रिकांचा गठ्ठा. मी चाळून बघितला. उंची, वजन, दात. नजरेच्या रकान्यात सगळीकडे सहा बाय सहा, म्हणजे नजर उत्तम. मला अभिमानच वाटला.

पोरांनी माझी पुस्तिका म्हणून दाखवली. म्हणजे खरोखरच म्हणून दाखवली. “पाणी साठवण्याच्या ड्रमवर झाकण का असावे?” या प्रश्नाला पंचेचाळीस तोंडांतून एकच उत्तर आलं, माझ्या स्वल्पविरामांसकट. पुढच्या बाकावरच्या एका मुलाला मी विचारलं, तुमच्या ड्रमला झाकण आहे का? तो गोंधळला. “टीचर, हे पुस्तकात नाही,” म्हणाला. वर्ग हसला. त्याच्या घरी ड्रम गच्चीवर असतो आणि तो वर गेलेलाच नाही, असं त्यानं मग सांगितलं. मी बाकांच्या मधून फेऱ्या मारायला लागले. काहीतरी चुकत होतं आणि ते मला धड पकडता येत नव्हतं.

मधल्या सुट्टीत बाईंनी तक्ता उतरवला. कडा फाटल्या होत्या, उद्यासाठी त्यावर प्लॅस्टिक लावून आणायचं होतं. रिकाम्या खिळ्याला कोणीतरी बँकेचं कॅलेंडर अडकवून टाकलं. सुट्टीनंतर बाई तक्ता घेऊन दुकानात गेल्या आणि मी दर्शनाला म्हटलं, तोवर तू उभं कसं राहायचं, डोळा कसा झाकायचा, तेवढं करून दाखव.

ती रेघेवर उभी राहिली. डावा डोळा तळव्यानं झाकला. मी फक्त तिचा हात बघत होते. तिनं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. वरचं मोठं अक्षर, दुसरी ओळ, तिसरी, आणि शेवटी सगळ्यात बारीक ओळ: “ग, भ, ट, म, प, र, ल.”

समोर मार्च महिना होता. चौकोन, तारखा आणि बँकेचं चिन्ह.

वर्गात दोघं-तिघं फिसकन हसले. बाकीच्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मी दुसऱ्या मुलाला उभं केलं, त्यानं हसत हसत, कॅलेंडरकडे बघून, तेच म्हटलं. तिसरीनंही. ग-भ-ट, म-प-र-ल, पाढ्याच्या चालीवर. पण त्यांना समोर कॅलेंडर आहे हे दिसत होतं. दर्शनाला मी जवळ जाऊन हळूच विचारलं की खिळ्यावर काय आहे. तिनं डोळे बारीक केले. कान लाल झाले.

“तक्ता,” ती म्हणाली. आणि मग, “नाही का?”

खाडीकाठची मुलं कानांनी बघतात. माझ्या वहीतलं ते वाक्य मला तिथेच फाडून टाकावंसं वाटलं.

बाई परत आल्या. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि मला जसं बोलता येतं तसं बोलले. पत्रकासारखं. सहा बाय सहा हे खोटं आहे, वर्षानुवर्षांचं खोटं, उद्या त्या माणसासमोर हे नाटक मी होऊ देणार नाही, मी उभी राहून सांगणार. बाई रेलिंगला धरून उभ्या होत्या. प्लॅस्टिक लावलेला तक्ता काखेत.

त्यांनी मला पुरं बोलू दिलं. मग हळूहळू बोलल्या. मुलांना तपासणीची भीती वाटू नये म्हणून त्यांनी तक्ता कायमचा वर्गात लावला होता. ही आपली पोरं. भिंतीवर जे लागतं ते पाठ करायचं असतं, हे त्यांना पहिलीपासून आपणच शिकवलंय. नकाशा पाठ, प्रतिज्ञा पाठ, तर तक्ता का नाही? दर्शना मागच्या बाकावर बसते, फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवते. गणितात मागे पडली म्हणून गेल्या महिन्यात बाईंनी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं.

“तू उद्या उभी राहून सांगशील, टाळ्या घेशील आणि रविवारी गडहिंग्लजला जाशील,” त्या म्हणाल्या. “पोरीचं काय? साहेबासमोर बोलणार म्हणून आजीनं सोडलंय तिला. साहेबासमोर आंधळी ठरवायला नाही.”

मला टेंभी नाक्याच्या जिन्यातली ती मुलगी आठवली.

मी विचारलं, मग लपवायचं? उद्या निभवायचं आणि तास मिळाला की सोमवारी बघायचं?

“मनात आलं होतं,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्षं झाली गं.” आणि तक्ता काखेतून काढून माझ्याकडे दिला. “चल, ड्रॉइंग पेपर घेऊ.”

त्या संध्याकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही मापपट्टी घेऊन नवा तक्ता काढला. तीच मापं, वरच्या तीन ओळी तशाच, खालची अक्षरं सगळी वेगळी. शाळेतून निघण्याआधीच दर्शनाच्या वडिलांना फोन करून सोमवारी दवाखान्यात यायला सांगितलंय, असं बाई आखता आखता म्हणाल्या. उद्याचं काय ठरवलंय ते मात्र सांगितलं नाही. मी विचारत राहिले, त्या पेन्सिलीला टोक करत राहिल्या.

शनिवार

अण्णा वेळेवर आले. पांढरा शर्ट, अंगाला मिरचीचा वास. मागच्या दाराशी दर्शनाची आजी टोपली घेऊन येऊन बसली होती, बाजारात जाण्याआधी पोरीला ऐकायला. पोरांनी पुस्तिका म्हणून दाखवली. अण्णा मान डोलवत होते. पोरं बोलत होती, अण्णांना ते दिसत होतं, म्हणजे तास जवळजवळ मिळालाच होता. मी माझं एकेक वाक्य ऐकत होते आणि मला खुर्चीत बसवत नव्हतं.

मग बाई म्हणाल्या, “आता नजरेची तपासणी. आज पोरांची नाही. अण्णा, तुम्ही या.”

वर्गाला आनंद झाला. अण्णा आधी नको नको म्हणाले, मग कौतुकानं उठले, रेघेवर उभे राहिले, डोळा झाकला. वरचं मोठं अक्षर त्यांनी झोकात वाचलं. दुसरी ओळ वाचली. तिसरीला मान पुढे आली. चौथीला ते थांबले. “खिडकीतून ऊन येतंय,” म्हणाले.

आणि मग जे आपल्या प्रत्येक वर्गात होतं तेच झालं. तोंडी परीक्षेत अडकलेल्याला मागून उत्तर पुरवायचं, हा वर्गाचा धर्म. आधी एका बाकावरून कुजबुज आली, मग चार बाकांवरून. अण्णा कान तिरका करून ऐकायला लागले. चौथी ओळ त्यांनी पुरी केली. पाचवीही. शेवटच्या ओळीला मागच्या बाकावरून दर्शनाचा आवाज सगळ्यांच्या वर आला, आणि अण्णांनी तिच्यामागून म्हटलं, “ग, भ, ट, म, प, र, ल.” आणि पैज जिंकल्यासारखा हात खाली घेतला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“छान,” बाई म्हणाल्या. “आता पुढे या अण्णा. जवळून वाचा.”

अण्णा तक्त्यापाशी गेले. खिशातून वाचायचा चष्मा काढला. नाकापासून वीतभर अंतरावर कागद, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. शेवटची ओळ होती: द, न, ह, स, च, य, क. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. पुढचे दोघं उठून बघायला गेले, मग सगळेच. कोणीतरी म्हणालं, “टीचर, हा आपला नाहीये.”

“आपलाच आहे,” बाई म्हणाल्या. “काल काढला. जुना सगळ्यांना पाठ होता. मला ते कळायला सात वर्षं लागली. या पत्रिका मी भरल्या आहेत, अण्णा. सगळी नजर उत्तम. चूक माझी आहे, पोरांची नाही. सोमवारी सगळ्यांना डॉक्टरकडे नेऊन नजर तपासून आणते. त्यांनी तुम्हाला आत्ता जसं सांभाळून घेतलं तसंच ती एकमेकांना घेतात.”

मी दर्शनाकडे बघितलं नाही. बघायचं नाही, एवढं या चार दिवसांत मी शिकले होते.

अण्णा बाकावर टेकले. पोरांचं बाक, त्यांचे गुडघे वर आले. चष्मा काढला, पुन्हा घातला. मला वाटलं, अपमान झाला म्हणून आता उठून जातील. ते व्यापाऱ्यासारखे बोलले. तास देतो म्हणाले. पण ही पुस्तिका पाठ्यपुस्तक म्हणून लावा, वर्षअखेर परीक्षा घ्या, म्हणजे फळ्यावर गुण लिहिता येतील.

साठ शाळा माझ्या डोळ्यासमोर उभ्या राहिल्या. पुस्तिका, परीक्षा, अभ्यासक्रम. शेवटच्या पानावर मी जे मागितलं होतं ते शब्दशः मिळत होतं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. नकार त्यांना द्यायचा होता, पण पुस्तिका माझी होती म्हणून त्या थांबल्या होत्या.

“परीक्षा नको,” मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. “पुस्तिकाही नको. परीक्षा ठेवलीत तर पुढच्या वर्षी तुम्हाला हेच ऐकू येईल.”

“मग त्या तासाला करणार काय?”

“ड्रम बघायला पाठवीन,” बाई म्हणाल्या. “रक्तदाब मोजायला शिकवीन, घरी जाऊन आई-बापाचा मोजून आणा म्हणीन. दर महिन्याला तक्ता बदलीन. पोरं विचारतील त्याला उत्तर देईन, नाही आलं तर शोधून आणीन.”

“तुम्ही मे महिन्यात जाणार. देणार कोण?”

“मीच येईन. शनिवारी मला दुसरं काम काय?”

मागच्या दाराशी आजी केव्हाची उभी होती. तिला सगळं किती कळलं माहीत नाही. “साह्याब,” ती म्हणाली, “तुमाना दिसत नाय तर चस्मा घ्या ना. पोरांना कशाला इचारता?”

वर्गात हशा फुटला. अण्णाही हसले, नाइलाजानं हसतात तसे. मग उठले, दाराशेजारी डकवलेल्या जूनच्या कच्च्या वेळापत्रकापाशी गेले, नाक कागदाला लावून शनिवारचा रकाना शोधला आणि शेवटच्या चौकोनातलं ‘स्कॉलरशिप’ खोडून स्वतःच्या हातानं ‘आरोग्य’ लिहिलं. एका वर्षासाठी, असं बजावलं. याच एका वर्गाला, असंही बजावलं. जाताना त्यांनी बाईंना हळूच विचारलं की सोमवारी त्या पोरांना ज्या डॉक्टरकडे नेणार आहेत तो मोठ्या माणसांना बघतो का.

एक शाळा, एक वर्ग, आठवड्याला पस्तीस मिनिटं. मी साठ शाळांचा हिशेब घेऊन आले होते. बाईंचा चेहरा बघून मला तो बोलून दाखवावासा वाटला नाही. उरलेल्या पुस्तिकांचे गठ्ठे त्यांनी दोरी बांधून माझ्या हातात दिले. सध्या ते आमच्या छापखान्यात वजन म्हणून वापरात आहेत, आणि मी वेगवेगळ्या अक्षरांचे बारा तक्ते आखते आहे. वडील विचारतात, यात मजकूर कुठे आहे?

पण त्या दिवशीचं एवढंच सांगायचं राहिलं. घंटा झाली. आम्ही दोघी जिन्यापर्यंत पोचलो, बाई पहिल्यांदाच सावकाश चालत होत्या, आणि मागून वर्गातून आवाज आला. आधी एक, मग दहा, मग सगळे, पाढ्याच्या चालीवर. द-न-ह, स-च-य-क. द-न-ह, स-च-य-क.

बाई थांबल्या. डोळे मिटून क्षणभर ऐकलं. मग माघारी वळल्या, पोरांच्या गर्दीतून वाट काढत खिळ्यापर्यंत गेल्या, तक्ता उतरवला, गुंडाळी केली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

“जूनमध्ये,” त्या पोरांना म्हणाल्या, “दुसरा.”